वाटी रिकामी जात नाय

५ जानेवारी

केतनला यार्डातून नव्या वर्षाची डायरी मिळाली. त्याला मोबाइल पुरतो, म्हणून ती माझ्याकडे आली. पण दैनंदिनी सुरू कशी करतात ते मला कोणी शिकवलेलं नाही. तसं मला काहीच कोणी शिकवलेलं नाही. अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून ओळखली आणि मिठागरावर असताना अर्ध्या माणसांची पत्रं लिहून दिली. पत्र म्हटलं की आधी खुशाली. तर तीच रीत इथे चालवतो.

भामा कशी आहे? बरी आहे. थंडीने गुडघा कुरकुरतो, तोंड ठणठणीत आहे. धाकटा केतन? कंटेनर यार्डात कायम झाल्यापासून शर्टाची बटणं ताणली जातायत, म्हणजे उत्तम. थोरली सून मनिषा? विचारलं की "बरी आहे, बाबा" एवढंच म्हणते, त्यामुळे विचारून न विचारल्यासारखं. आमचा थोरला धनेश गेल्यापासून ती कमीच बोलते. साड्यांना फॉल-बिडिंग करते, मशीन मात्र दिवसभर बोलत असतं. नात मनस्वी सातवीत आहे. उंचीने आजीला मागे टाकलं, आता अकलेने टाकायची बाकी. मोरा गावात दिलेली माझी मोठी बहीण सखूबाय फोनवर खोकते, पण खोकल्यासाठी बोलणं थांबवत नाही. आणि मी? मीही बरा, अंगठा सोडून. मिठाने त्याच्या रेषा खाल्ल्या. रेशन दुकानातलं यंत्र मला ओळखच देत नाही.

आज मात्र यंत्रापर्यंत वेळच आली नाही. दुकानवाला दिनानाथ म्हणाला, "काका, तुमचं धान्य या महिन्यापासून बंद. केतन कायम झाला ना? घराचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं. पेढे मीपण खाल्लेत, मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, "अरे, पगार केतनचा. मनिषा आणि पोरीचं काय?"

"त्या तुमच्याच कार्डावर आहेत, तुमच्याच चुलीवर जेवतात. म्हणजे केतनचा पगार त्यांचापण पगार झाला. वहिनींची चूल वेगळी असती तर त्यांचं वेगळं कार्ड झालं असतं. एका छपराखाली चालतं काका, एका चुलीवर चालत नाही."

रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. भामाने विचारलं, "तांदूळ कुठाय?" मी म्हटलं, "केतनच्या पेढ्यात गेला."

८ जानेवारी

तीन दिवस डोकं लढवलं आणि एक झकास तोड काढली. मागच्या खोलीत एक शेगडी आणून ठेवायची. साहेब तपासायला आला की दाखवायची. तो गेला की त्यावर फडकं टाकायचं आणि सगळ्यांनी आपापल्या पाटावर येऊन बसायचं.

रात्री जेवताना सांगितलं. केतन म्हणाला, "वहिनी, टेन्शन कशाला घेता? मी आहे ना. पंचवीस किलोची बॅग टाकून देतो दर महिन्याला."

मनिषा म्हणाली, "तुम्ही आणता, भावोजी, म्हणूनच."

म्हणूनच काय, ते काही मला कळलं नाही. मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, अर्ज मी करणार. पण खोट्यावर सही नाही करणार. चूल वेगळी असं लिहिलं तर ती वेगळीच असणार."

भामाच्या हातची भाकरी तव्यावर करपली. आमच्या घरात असं कधी होत नाही.

मनिषा फार सरळ आहे. सरकारी कागदाला एवढं कोण भितं? पण असो. माणूस सरळ असलेला बरा.

११ जानेवारी

भामा बोलत नाही, भांडी बोलतात. आज एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं काय कडू लागलं तिला?"

मी समजावलं की हे सगळं रेशनसाठी आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच रेशन आहे आणि त्यात खडे निघाले आहेत.

१४ जानेवारी

मनिषाचं आणि मनस्वीचं नाव आमच्या कार्डातून कमी झालं. तसा दाखला मिळाल्याशिवाय नवीन अर्ज घेत नाहीत. भामा म्हणाली, "नाव कापलं म्हणतात. कसला मेला शब्द हा! दुसरा नाय मिळाला कोणाला?" आणि तिळगुळाचा लाडू मनिषाच्या हातात न देता तिच्या मशीनवर ठेवून आली.

संध्याकाळी मला माळ्यावर चढवलं. कोपऱ्यात जुन्या लुगड्यात बांधलेलं एक बोचकं होतं. सोडलं तर आत एक टोप, एक तवा, एक कढई, दोन पळ्या आणि पोळपाट. सगळं कोरं. तव्याला धग माहीत नाही. आमच्या घरातल्या चमच्यावरसुद्धा भामाचं नाव घातलेलं असतं, पण यांच्यावर काही नाही.

"हे कधी घेतलंस?" मी विचारलं.

"माझी सासू जिती होती तवा."

"मग वापरलं का नाही?"

"द्या इकडं. धूळ उडवू नका."

बायकांना भांड्यांची हौसच असते. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवली असतील.

१५ जानेवारी

आज भामा गुडघा घेऊन रिक्षाने पनवेलच्या बाजारात गेली आणि नाव घालणाऱ्याकडून सगळ्यांवर 'मनिषा' घालून आणलं. ज्या सुनेवर रागावलीस तिच्यासाठी एवढी तंगडतोड कशाला, असं मी विचारणार होतो. पण विचारलं नाही. संसारात काही प्रश्न गिळलेले पचतात.

१६ जानेवारी

आज मागच्या खोलीत शेगडी पेटली. लहान सिलिंडर, एकच बर्नर. आमच्यात रीत अशी की नव्या चुलीवरचं पहिलं गोड जुन्या चुलीला द्यायचं. मनस्वी खिरीची वाटी घेऊन आली. दारात उभं राहून पाहुण्यासारखं विचारलं, "आत येऊ का?" कार्टी!

भामाने चव घेतली. "साखर जास्त हाय," म्हणाली आणि वाटी पुसून खाल्ली. मग ती धुतली, हातात धरली आणि तशीच उभी राहिली. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हीसुद्धा रीतच. शेवटी वालाचं बिरडं भरलं. "घेऊन जा. आईला सांग, आजीनं तिला नाय दिलं, वाटीला दिलं."

संध्याकाळी ती वाटी परत आली. त्यात कोशिंबीर.

२१ जानेवारी

समोरच्या सेक्टरात चौदा मजल्यांवर काय भांडणं होत असतील, लिफ्टलासुद्धा पत्ता लागत नाही. आमच्या गावठाणात एक शेगडी काय आली, ओवे गावापर्यंत बातमी गेली की कमळाकरच्या घरात फूट पडली. ओव्याची एक मुलगी केतनसाठी सांगून आली होती. मध्यस्थाचा फोन आला, "वाटण्या चालल्यात काय? थोडे दिवस थांबू या मग."

केतन म्हणाला, "थांबू दे. शेगडीला घाबरणारी मुलगी मला नको."

पोरगं शहाणं आहे. पण मला गावात तोंड दाखवायला जड जातं. नाक्यावर चहाला गेलो तर लोक माझी तब्येत विचारतात. आजारी नसलेल्या माणसाला तब्येत विचारली की समजावं.

२५ जानेवारी

सखूबाय आली! न कळवता, मोऱ्याहून, सोडे आणि सुकटीची पिशवी घेऊन. दारातच पिशवी टाकली आणि मधल्या दरवाजात फतकल मारली, अर्धी इकडच्या खोलीत, अर्धी तिकडच्या.

"कमल्या, मी जिती असताना माझ्या बापाच्या घरात दोन चुली? एक चूल होईल तवाच मी जेवेन. तोवर पाणी पन नको."

मनिषा म्हणाली, "आत्या, निदान चहा—"

"कोनच्या चुलीवरचा?"

"माझ्या."

"नको. भामे, तुझा पन नको."

दुपार झाली. भामाने सुकट परतायला घेतली. भिंतीपलीकडे मनिषाने सोड्याचं कालवण ठेवलं. दोन्हीकडून वास आला आणि बरोब्बर मधल्या दरवाजात भेटला. सखूबाय एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे. मग म्हणाली, "मीठ बरोबर पडलं का बघायला काय हरकत नाय. सोडे माजे हायेत."

मिठाची परीक्षा दोन ताटं चालली. एक इकडे, एक तिकडे. हात धुताना मला म्हणाली, "भांडण कुठाय र? मला तर दोनदा जेवाला मिळालं."

आता म्हणते, आठवडाभर राहते. दोन चुलींचं माहेर बरं असतं.

१ फेब्रुवारी

पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, आणि केतनने मसाला लावून आणलेली कोंबडी. मला वाटलं, मनिषा येणार नाही. चूल वेगळी म्हणजे वेगळी, असं तिनेच सांगितलंय. पण ती आली. शेंगा सोलत म्हणाली, "बाबा, पोपटीला चूल कुठे लागते? शेकोटी लागते. अर्जात शेकोटीचं काही विचारलेलं नाही."

वकील व्हायची ही.

अंगणात सगळे एका मडक्याभोवती बसलो होतो. कुंपणापलीकडून शेजारी वाकून बघत होते आणि त्यांची फार निराशा झाली.

६ फेब्रुवारी

आज पलीकडून मनिषाच्या हसण्याचा आवाज आला. मोठ्याने, पोटातून. धनेश गेल्यानंतर पहिल्यांदाच. मोबाइलवर काहीतरी विनोदी लागलं असणार.

तिचं जेवणाचं काही खरं नाही. मशीनवरचं काम संपवून दुपारी दोनला जेवते, कधी त्याच्याही नंतर. परवा कारली केली होती. आमच्या घरात कारलं शिजत नाही, मला आवडत नाही म्हणून. तिला आवडतं हे मला या वयात कळलं. रोज स्वतःच्या शेगडीचा कट्टा घासते, जणू देव्हारा आहे. मनस्वी रात्री आईला धडे वाचून दाखवते आणि मनिषा भाकरी थापता थापता चुका काढते.

बिचारीला किती त्रास. एकदा का कार्ड झालं की हे सगळं थांबेल.

१० फेब्रुवारी

दिनानाथने सांगितलं की तपासणी केव्हाही होईल. वर भीती घातली, "काका, नीट बघून ठेवा. चूल एकच आहे असं वाटलं तर अर्ज नामंजूर. मग वहिनींचं नाव तुमच्या कार्डावर परत चढवायला धावपळ, आणि चढलं तरी तुमच्या कार्डाला धान्य नाहीच."

म्हणजे मायलेकी इकडून कापल्या आणि तिकडे चढल्या नाहीत. मला जेवण गेलं नाही. मनिषाला सांगितलं तर ती शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणाली, "खरं आहे ते खरंच दिसेल, बाबा." दोरा मात्र तीनदा चुकला.

मी आज दोन्ही खोल्या फिरून पाहणी केली. शेगडी वेगळी, सिलिंडर वेगळा, डबे वेगळे. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

१३ फेब्रुवारी

बोट ठेवायला जागा होती. माझ्या डोळ्यांना दिसली नाही इतकंच.

सकाळी पुरवठा निरीक्षक आल्या, रोशनी मॅडम. केतनच्या वयाच्या, हातात हेल्मेट. सखूबायचा आठवडा अजून संपलेला नाही, त्यामुळे तीही होती. मॅडमने मागच्या खोलीत शेगडी पाहिली, सिलिंडर पाहिला, मान हलवली. मी मनात म्हटलं, झालं.

मग त्यांनी फळीवरचं ताट उचललं आणि वाचलं. "सौ. भामा कमळाकर. या कोण?"

"सासूबाई," मनिषा म्हणाली.

मॅडमनी डबा उचलला. भामा. झाकणी उचलली. भामा. वाटीवर वाटी, सगळीकडे भामा! माळ्यावरून काढलेली भांडी सोडली तर मनिषाच्या खोलीत मनिषा कुठेच नव्हती.

त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर पातेलं होतं. त्यावर लिहिलेलं, 'चि. धनेश व मनिषा यांच्या विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून'. शेजारी आणखी दोन वाट्या, त्याही मामाकडून.

"काका," मॅडम म्हणाल्या, "भांडी तर सगळी एकातएक आहेत. स्वयंपाक एकत्रच होतो ना?"

मी म्हणणार होतो की भांडी उसनी आहेत, लग्नाला दिली होती, चोराने अदलाबदल केली, काहीही. पण भामा कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"अवो मॅडम, आमच्यात वाटी रिकामी परत जात नाय. तिची भाजी येते, माझं कालवण जातं. तिचं पातेलं इकडं येतं, माझा डबा तिकडं जातो. कुठली वाटी कुठं राहाते त्याचा हिशोब कोन ठेवतो?"

सखूबायने री ओढली. "आनि काय पाठवते माहीत हाय? कारलं! एकत्र शिजलं असतं तर मी ते कारलं या घरात येऊ दिलं असतं का?"

मॅडम परत मागच्या खोलीत गेल्या आणि मनिषाला विचारलं, "आज तिकडे काय शिजलंय?"

आता ही काय उत्तर देणार म्हणून मी दाराची चौकट धरली. आमच्या चुलीवर काय आहे ते मनिषाला सांगता आलं तर एकत्र, असं तर नाही ठरणार?

मनिषा म्हणाली, "माहीत नाही, मॅडम. वाटी अजून आली नाही."

मॅडम आधी गालातल्या गालात हसल्या, मग मोकळ्या हसल्या. हेल्मेट शिवणाच्या मशीनवर ठेवून कागदावर लिहू लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "एका चुलीवर जेवणारी माणसं एकमेकांना वाटी पाठवत नाहीत, काका. वाटी जाते-येते म्हणजे घरं दोन आहेत. माझ्या आईचं आणि काकूचं असंच चालायचं."

भामाने चहा विचारला. मनिषानेही विचारला. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "नको. एकीकडचा घेतला तर दुसरीकडचा घ्यावा लागेल, आणि मला अजून चार घरं आहेत."

मॅडम गेल्यावर सखूबायने पदराने डोळे पुसले. घरं दोन आहेत, हे ऐकून रडली की सुटका झाली म्हणून, तिलाच ठाऊक. मी मात्र खुशीत होतो. कागदोपत्री दोन घरं झाली. बाकी काय, आपण आहोत तसेच आहोत.

१२ मार्च

कार्ड आलं! कुटुंबप्रमुख म्हणून मनिषाचं नाव, खाली मनस्वी. मनिषा आणि पोरगी दुकानात गेल्या. यंत्राने मनिषाचा अंगठा एका फटक्यात ओळखला. दिनानाथने तांदूळ-गहू मोजून दिले. पिशवी तिने स्वतः उचलून आणली, केतन पुढे झाला तरी दिली नाही.

मी पाटांची रांग मांडली. म्हटलं, "चला, काम झालं. ती शेगडी आता ठेवून दे माळ्यावर. आजपासून सगळे एकत्र."

कोणीच बसलं नाही. मनिषा पिशवी धरून उभी होती. भामा म्हणाली, "अवो, गप बसा जरा."

"का गप? चूल कार्डासाठी होती ना?"

मनिषा हळू बोलली, पण सगळं बोलली. "बाबा, कार्ड पाहिजे होतं. शेगडीपण पाहिजे होती. तुमच्यावर राग नाही, आईंवर तर मुळीच नाही. उद्या भावोजींचं लग्न होईल, नवीन बाई येईल. मी कोणाच्या ताटात, असं मनस्वीने बघायला नको. आणि खरं सांगू? मला भाजी काय करायची ते सकाळी उठून स्वतः ठरवायला आवडतं."

मी भामाकडे पाहिलं, ती तरी काही बोलेल म्हणून. ती बोलली, पण मला नाही. मनिषाला म्हणाली, "तवा नीट तापतो ना गो?"

"चांगला तापतो, आई."

"मग झालं."

मी पाट उचलले. दोन पाट जास्तीचे मांडले होते, ते भिंतीला टेकवून ठेवले.

१५ मार्च

सखूबाय आज मोऱ्याला परत गेली. रिक्षात बसताना दोन्ही सुनांना पोटाशी धरलं, म्हणजे भामाला आणि मनिषाला. वयाने भामा सून राहिलेली नाही, पण सखूबायच्या हिशोबात सून ती सूनच. मला म्हणाली, "कमल्या, तुजा चेहरा का उतरलाय? रुसलास का? तुला जेवाला पायजे तिच्याकडं, तर तसं बोल."

"तिने बोलावलं नाही अजून."

"तू कवा विचारलंस?"

रिक्षा गेली. एवढ्या वर्षांत माझं पान मांडलेलंच असायचं. विचारायचं कसं असतं ते ठाऊकच नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा

दोन दारांवर दोन तोरणं. गुढी एकच, अंगणात. केतनच्या ओव्याच्या स्थळाचा पुन्हा फोन आला. मुलीनेच सांगितलं म्हणे, जिथे सुनेची वेगळी चूल पटवून घेतात त्या घरात जायला हरकत नाही. केतन सकाळपासून आरशासमोर आहे.

भामाला विचारलं, "मनिषाकडे जेवायला जाऊ या का एकदा?" ती म्हणाली, "मला काय विचारता? जिचं घर तिला विचारा. आनि हात हलवत नाय जायचं."

समोर जाऊन विचारायला धीर होत नाही. मला पत्रच लिहिता येतं. म्हणून या डायरीतलं पुढचं पान फाडून त्यावर लिहिलं आहे, आणि माझ्यापाशीही राहावं म्हणून इथे उतरवतो.

"चि. मनिषा हिस, अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तू, मनस्वी आणि तुझी शेगडी खुशाल असाल अशी आशा. पत्रास कारण की, येत्या रविवारी मी आणि तुझ्या सासूबाई तुझ्याकडे जेवायला येऊ का? तुला सवड असेल तरच. भाजी तू ठरवशील ती. कारलं असलं तरी चालेल, मी खाईन. केतनलाही बोलावलंस तर त्याचं पोट पाहून तांदूळ घे. आम्ही येताना गोड आणू.

उत्तर लवकर लिही. भिंत एवढीशीच आहे, पण वाट फार पाहतोय. मनस्वीच्या हाती वाटीत ठेवून पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा"

भामाने वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, "बरं लिवलंय." मग कागदाची घडी घालून तिने ती मामाकडच्या वाटीत ठेवली, वर श्रीखंड घातलं, कागदाला लागू नये म्हणून मधे केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, आणि मनस्वीला हाक मारली.